दोन जावांच्या दौलतीत काचेची चूल आली त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा समर्थ. जी ज्योत निळी होती, बोटभर होती, आणि आता ओट्यावर दिसत नाही, तीस आधी दंडवत. तिच्यापुढे उभे राहोन ज्यांनी जन्म काढिला त्यांस दुसरा. आणि वाचणाराने हात धुवोन पाटावर स्वस्थ बसावे, घाई असेल तर उठोन जावे, ही विनंती.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी आमच्या शेजारच्या दौलतीत अग्नीची बदली जाहली आणि काचेची चूल गादीवर आली. लिहिणार कोण ऐसे कोणी पुसेल तर नाव सांगत नाही, सांगोन उपयोगही नाही. एवढेच लिहितो जे आमची खोली आणि त्या दौलतीचा मुदपाकखाना यांमध्ये एक वीतभर जाडीची भिंत आहे, आणि ती भिंत अठ्ठावीस वर्षे आम्हास बातमीदार म्हणोन पुरली; जे भिंतीस दिसले नाही ते मागाहून दोघींच्या तोंडून कळले. आम्ही एकटे माणूस. आमच्या घरी चहाखेरीज काही शिजत नाही. तेव्हा भिंतीपलीकडे काय शिजते याची खबर ठेवणे हे आमचे कामच होऊन बसले, त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

दौलत म्हणावी तर दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, एक सज्जा आणि स्वयंपाकघर, एवढाच मुलूख. परंतु कारभार थोर, आणि तेथे दोघी जावांचे राज्य. थोरल्या द्वारकाबाईसाहेब, वय चौऱ्याहत्तर. धाकट्या प्रमिलाबाईसाहेब, वय सहासष्ट. दोघींचे यजमान सख्खे भाऊ, दोघेही कैलासवासी जाहले. थोरल्या पातीस एक पुत्र, युवराज हेमंतराव, ते समुद्रापार चाकरीस. धाकट्या पातीस संतान नाही. म्हणोन आळीतले लोक बोलत जे, आज ना उद्या यांची चूल वेगळी होणार. तर त्रेचाळीस वर्षांत ती जाहली नाही, आणि याचे कारण एक तह. तो कागदावर नव्हता, ओट्यावर होता. प्रमिलाबाईसाहेब लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात थोरल्यांनी त्यांस शेगडीपाशी नेले आणि सांगितले, "हे बघ पमा, डावी शेगडी माझी, उजवी तुझी. माझ्यावर तवा, तुझ्यावर पातेलं. तुझ्या पातेल्यात मी चमचा घालणार नाही आणि माझ्या तव्याला तू हात लावायचा नाही." धाकट्यांनी मान डोलाविली, "बरं अक्का," म्हणाल्या, आणि तह ठरला. मग त्या दोघी दुधावरून भांडल्या, वाळवणावरून भांडल्या, एकदा एका चादरीवरून पंधरा दिवस अबोला धरिला, परंतु डाव्याने उजव्याकडे आणि उजव्याने डाव्याकडे पाऊल टाकिले नाही, आणि पंधरा दिवसांच्या अबोल्यातही आमटी उजवीवर आणि भाकरी डावीवर एकाच वेळेस तयार होत असे, आणि दोघी एकमेकींकडे पाठ करून एकाच ठिकाणी जेवीत.

त्या काळची गोष्ट काय सांगावी. सकाळी दहाचा सुमार जाहला की भिंतीपलीकडे काडी ओढल्याचा आवाज येई, मग फप्प ऐसा ज्योत धरल्याचा, मग थोरल्यांच्या बांगड्या मनगटावर मागे सारल्याचा, आणि मग परातीत भाकरी थापण्याचा आवाज सुरू होई. ठप ठप ठप, मध्ये थोडे थांबणे, पुन्हा ठप ठप. भाकरी तव्यावर पडे, पाणी फिरविले जाई, आणि शेवटी ती तव्यावरोन उतरोन थेट ज्योतीवर जाई, आणि ज्योतीवर गेली म्हणजे तो जो वास येतो, थोडका करपल्याचा, थोडका बाजरीचा, तो आमच्या भिंतीतून, खिडकीतून, कपाटातल्या सदऱ्यांतून येई. त्यात धाकट्यांच्या लसणाची फोडणी मिळे. आम्ही वर्तमानपत्र हाती धरोन बसत असू, वाचीत नसू. आता ते दिवस आठविले म्हणजे हातचा चहा गार होऊन जातो, आणि हे लिहावयास आम्हास कमीपणा वाटत नाही. असो.

कार्तिक मासी अरिष्ट आले. थोरल्या भाकरी ज्योतीवर धरोन उभ्या, नजर खिडकीबाहेर, आणि पदराचे टोक शेगडीवर गेले आणि पेटले. धाकट्या शेजारीच ताक घुसळीत होत्या. त्यांनी पाहिले आणि ताकाचे आख्खे भांडे थोरल्यांवर रिते केले. पदर विझला. थोरल्या नखशिखांत ताकाने न्हाल्या आणि म्हणाल्या, "अगं, अर्धं तरी ठेवायचंस, कढी झाली असती." दोघी पुष्कळ हसल्या, आम्ही भिंतीपलीकडे ऐकिले. येथवर काही बिघडले नव्हते. परंतु धाकट्यांस रात्री झोप येईना, आणि तिसरे दिवशी त्यांनी युवराजांस फोन करोन सगळे कळविले. युवराज घाबरले. त्यांचा जीव आईवर, तो आम्ही नाकारीत नाही. परंतु दूर बसलेल्या माणसाची काळजी मोठी आणि विचार थोडका. त्यांनी हुकूम केला जे, आजपासून त्या घरात ज्योत पेटणे नाही, गॅसची टाकी परत करावी, मी काचेची विजेची शेगडी धाडतो, तिला आग नाही, नुसती आच आहे. आणि दोनच बायका, दोघींचा स्वयंपाक तो केवढा, म्हणोन त्यांनी एकच मंडळ असलेली शेगडी पाहिली आणि मागविली. तहाची गोष्ट त्यांस ठाऊक होती, लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. परंतु ध्यानात आली नाही.

पंचमीस सकाळी खोके दाखल जाहले आणि मागोमाग इलियास मिस्त्री आले. हे इलियास मिस्त्री नगरीतले जुने वायरमन, आमच्या आळीतले पंखे, घंटा आणि भांडणे त्यांस सारखीच ठाऊक. आम्हीही ऐन वेळी साखर मागण्याचे निमित्त करून तेथे हजर जाहलो. मिस्त्रींनी आधी ओट्यावरचा जुना सॉकेट पाहिला आणि जीभ चुकचुकविली. म्हणाले, "काकू, हा मिक्सरचा सॉकेट. ह्याच्यावर ही लावली तर वायर वितळंल. हिला जाड वायर पाहिजे, मोठा सॉकेट पाहिजे आणि बोर्डापासनं तिची सोताची लाईन पाहिजे." मग त्यांनी अर्धा दिवस भिंत खोदिली, जाड वायर बोर्डापासोन ओट्यापर्यंत आणिली, तिच्या नावाचा वेगळा खटका बसविला, अर्थिंग तपासले, आणि ओट्याचा कडप्पा एका अंगास उतरता आहे ऐसे पाहोन रबराचे तुकडे खाली देऊन शेगडी पाण्याच्या पातळीने सरळ केली. नळापासोन दूर, भिंतीपासोन चार बोटे सुटी, मागे हवा खेळती राहील ऐसी. आणि तिला जागा देण्यासाठी जुनी शेगडी उचलिली गेली. उचलताना तिच्याखाली ओट्यावर त्रेचाळीस वर्षांचे दोन काळे ठसे दिसले, एक डावा, एक उजवा. धाकट्यांनी ओले फडके घेतले, थोरल्या म्हणाल्या, "राहू दे गं," आणि मग मिस्त्रींनी त्यावरच नवी शेगडी ठेविली.

शेगडी म्हणजे काळी, गुळगुळीत, वर काही नाही. ज्योतीस जागा नाही, बटण फिरवावयास नाही, नुसते कडेस पाच ठिपके रंगविलेले. धाकट्या मॅट्रिक पास, त्यांनी चष्मा लाविला आणि पुस्तिका वाचावयास घेतली. वाचून सांगितले जे, भांडे सपाट बुडाचे पाहिजे, भांडे काचेवर ओढू नये, उचलोन ठेवावे, साखर किंवा गूळ सांडल्यास लागलीच काढावा नाही तर काच खाते, आणि काचेवर अन्न थेट ठेवू नये. थोरल्या म्हणाल्या, "एवढं सोवळं तर आमच्या सासूबाईंनीही पाळलं नाही." मिस्त्री हसले. म्हणाले, "काकू, तुमच्या हातनं उद्घाटन करा. ह्या ठिपक्याला नुसतं बोट लावायचं." थोरल्या पुढे जाहल्या, हळदकुंकू वाहिले, आणि उजव्या हाताचे पहिले बोट ठिपक्यावर टेकविले. काही जाहले नाही. पुन्हा टेकविले, काही नाही. जोराने दाबिले, तरी काही नाही. मिस्त्रींनी आपले बोट लाविले, तो लागलीच पीं ऐसा आवाज करोन शेगडी जागी जाहली. विझविली. पुन्हा थोरल्यांनी लाविले, तो शेगडी मुकी. मग मिस्त्रींनी त्यांचा हात हाती घेतला, बोटाचे टोक अंगठ्याने चाचपिले आणि समजले. कारण ते बोट आम्हा सर्वांस ठाऊक होते. पन्नास वर्षे ज्या बाईने उलथणे हाती धरिले नाही, तापल्या तव्यावरची भाकरी बोटांनी उलटली आणि ज्योतीवरची बोटांनी उचलिली, तिच्या बोटांची टोके चामड्यासारखी निबर जाहली होती. मिस्त्री म्हणाले, "हिला वाटतंय लाकूड लागलं. होईल काकू, सवय होईल." धाकट्यांनी मागोन हात घालोन नुसते बोट लाविले. पीं. काचेखाली लाल वर्तुळ पेटले, निखाऱ्यासारखे लाल. आम्ही वा वा म्हणालो. थोरल्या देवघरात जाऊन बसल्या.

दुसरे दिवशी चंपाषष्ठी. खंडेरायाचे सहा दिवसांचे नवरात्र उठावयाचे, आषाढापासोन वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा त्या दिवशी सुटावयाचे, आणि देवास भरीत आणि बाजरीची भाकरी नैवेद्यास पाहिजे, त्यास पर्याय नाही. भरीत म्हणजे वांगे ज्योतीवर भाजले पाहिजे, साल कोळशागत जाहली पाहिजे, तो धुराचा वास आत उतरला पाहिजे, तर ते भरीत. उकडलेल्या वांग्याचा गोळा कोणी आम्हास भरीत म्हणोन वाढला तर आम्ही ताटावरून उठतो. थोरल्यांनी दोन जांभळी वांगी आणिली, तेल चोळिले, सुरीने टोचे मारिले. धाकट्यांनी बोट लावोन शेगडी पेटविली. थोडक्या वेळात काच लाल जाहली आणि थोरल्यांच्या मुखावर प्रथमच समाधान आले. म्हणाल्या, "हा बघ, इस्तव आहे की. उगीच काच काच करत होतो." आणि इंगळांवर ठेवावे तैसे एक वांगे त्यांनी थेट त्या लाल वर्तुळावर ठेविले. धाकट्या धावल्या. "अक्का, पुस्तकात लिहिलंय, थेट ठेवायचं नाही." थोरल्या म्हणाल्या, "पुस्तकानं कधी भरीत केलंय का?" मग वांगे एका अंगाने चर्र करू लागले आणि दुसऱ्या अंगाने कच्चेच राहिले. थोरल्यांनी बोटांनी फिरविले. इतक्यात ते यंत्र आपल्या मनाने काळे पडले, पुन्हा लाल जाहले, पुन्हा काळे पडले, कारण आच आवाक्यात राखण्याची त्याची ती रीत आहे. थोरल्यांस वाटले रुसले. त्यांनी वांगे दाबोन धरिले, तो वांगे फुटले आणि त्याचा सगळा रस आणि तेल काचेवर पसरले आणि जळाले. घरात धूर, परंतु भरिताचा नव्हे, जळक्या तेलाचा. धाकट्यांनी ठिपक्यावर बोट लावोन शेगडी विझविली. काचेवर तळहाताएवढा काळा खपला बसला.

मग जे बोलणे जाहले ते आम्ही भिंतीस कान न लावता ऐकिले, कारण दोघी कधी नव्हे त्या मोठ्याने बोलिल्या. थोरल्या म्हणाल्या, "तूच हेमंताला फोन केलास." धाकट्या म्हणाल्या, "अक्का, पदर पेटला होता तुमचा." "विझवलास ना? मग ते बास होतं. सांगायची काय गरज होती?" "मला भीती वाटली. उद्या मी ओट्यापाशी नसले तर?" थोरल्या तेथेच थांबत्या तर बरे होते. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "एक तोंड आणवलंस, आणि तेही तुझंच ऐकणारं. डावी-उजवी कटकटच नको. ओटा तुझा आता. कर राज्य." मग धाकट्यांचा आवाज आला, अगदी हळू. "मला राज्य नको होतं, अक्का. मी सोमवारी भाचीकडे जाते. ती कधीची बोलावतेय." थोरल्या म्हणाल्या, "जा की. तुला कोणी बांधून ठेवलंय." त्या दिवशी देवास दूध-गूळ आणि शेजारणीकडच्या भाकरीचा नैवेद्य जाहला. दरवर्षी षष्ठीस झाकलेले ताट आमच्या दारी येई, ते आले नाही. आम्ही दोन वेळा दार उघडोन पाहिले.

सप्तमीस, रविवारी, सकाळी थोरल्यांनी तारेची घासणी घेतली आणि काचेवरचा खपला खरवडावयास निघाल्या. धाकट्या आतल्या खोलीत बॅग भरीत होत्या, अबोला चालू, तेव्हा भिंतीकडे पाहोन बोलिल्या, "तारेच्या घासणीनं काचेला चरे पडतात म्हणे." थोरल्यांनी घासणी खाली ठेविली. थोडक्या वेळाने धाकट्या बाहेर आल्या, खोक्यातोन एक पातळ पात्याचे खरवडणे काढिले, ओट्यावर ठेविले, आणि पुन्हा भिंतीस सांगितले, "काच गार असताना आडवं धरायचं. मग ओल्या फडक्यानं पुसायचं." आणि चपला घालोन बसस्टँडवर सोमवारच्या गाडीचे तिकीट काढावयास गेल्या. जाताना दार हलकेच ओढोन घेतले. त्रेचाळीस वर्षांची चूल आता वेगळी होते ऐसे आम्ही समजलो. धाकट्या गेल्या तर त्या भाचीच्या घरी कोपऱ्यातल्या पाहुण्या होणार. थोरल्या राहिल्या तर युवराज त्यांस समुद्रापार नेणार किंवा डबा लावणार, आणि त्या ओट्यावर कोणी उभे राहणार नाही. म्हणोन आम्ही शाल पांघरली आणि साखरेची वाटी घेऊन पलीकडे गेलो.

थोरल्या काच पुशीत होत्या. म्हणाल्या, "बसा भाऊजी. साखर कशाला, सरळ बसा." आम्ही बसलो. त्यांनी खरवडणे आडवे धरिले आणि खपला पापुद्र्या पापुद्र्यांनी सोडविला, घाई न करता, मग ओले फडके फिरविले, मग पुन्हा फिरविले, आणि काच स्वच्छ जाहली, नाही म्हणावयास एक पुसट वर्तुळ राहिले. पुसता पुसता त्यांचे ओले बोट त्या ठिपक्यावरोन गेले. पीं. आम्ही दोघेही दचकलो. काचेखाली लाल पेटले. थोरल्या बोटाकडे पाहतात, शेगडीकडे पाहतात. बोट पदरास पुसले, ठिपक्यास लाविले, काही नाही. बोट पाण्यात बुडविले, निथळविले, लाविले, तो शेगडी विझली. पुन्हा ओले लाविले, पेटली. म्हणाल्या, "म्हणजे हिला कोरडं बोट कळत नाही. एवढंच होय?" आणि परात ओढिली, बाजरीचे पीठ घेतले, आणि नवा सपाट बुडाचा तवा काचेवर उचलोन ठेविला. ठप ठप ठप. तो आवाज भिंतीपलीकडोन नव्हे, समोर बसोन ऐकिला, आणि आमचे डोळे पाणावले. तवा सावकाश तापतो, म्हणोन त्यांनी धीर धरिला. भाकरी टाकिली, पाणी फिरविले, उलटली, आणि ज्योत नाही म्हणोन फडक्याच्या बोळ्याने कडेकडेने दाबिली. भाकरी फुगली. टम्म फुगली. ज्योतीवरचा तो वास मात्र नाही, तो आता या जन्मी नाही, हे खरेच लिहिले पाहिजे. परंतु भाकरी चांगली होती.

थोरल्या आपल्या हाताने पेटविलेल्या शेगडीवर आपली भाकरी करून उभ्या राहिल्या. आता त्यांस कोणाची गरज नव्हती, मुलाची नव्हे, डब्याची नव्हे, जावेच्या बोटाची नव्हे. आम्ही म्हणालो, "जिंकलात, वहिनी." त्या म्हणाल्या, "काय करू जिंकून? एकटीनं एवढी भाकरी कोणी खायची?" आणि उजव्या हातास, जेथे धाकट्या उभ्या राहत, तेथे पाहोन राहिल्या. इतक्यात जिन्यात चपला वाजल्या. थोरल्यांनी ठिपक्यावर ओले बोट ठेवोन शेगडी विझविली, तवा उचलोन ओट्याखाली सारला, परातीवर झाकण घातले, आणि ती गरम भाकरी उचलोन आमच्या हाती दिली. "शालीत धरा. आणि तोंड उघडलंत तर बघा." आम्ही ती शालीत धरिली. तव्यावरची भाकरी, पोटाशी. पुढील सर्व प्रसंग आम्ही पोट भाजत उभे राहोन पाहिला, हे वाचणाराने ध्यानी घ्यावे. मग थोरल्यांनी बोट पदरास पुसले, अगदी खटखटीत कोरडे केले, आणि धाकट्या दारात आल्या तेव्हा त्या ठिपक्यावर ते टेकवीत उभ्या होत्या. एकदा, दोनदा, तीनदा. "बघ पमा. सकाळपासनं करतेय. नाही ऐकत माझं. सकाळपासनं पोटात काही नाही." येवढे बोलोन आवाज फुटला, आणि तो लबाडीचा नव्हता. म्हणाल्या, "मी काल बोलायला नको होतं. तू नसशील तर मी इथं उभी राहून काय करू?"

धाकट्या ओट्यापाशी आल्या. येथे एक गोष्ट लिहावयाची राहिली, ती थोरल्यांस ठाऊक नव्हती, आम्हास नव्हती, ज्यांनी पुस्तिका वाचिली त्यांस होती. ती शेगडी विझविली तरी काच गरम असे तोवर कोपऱ्यात एक बारीक लाल अक्षर दाखवीत राहते, जे हात लावू नये, मी अजोन तापलेली आहे. ते अक्षर पेटलेले होते. धाकट्यांनी ते पाहिले. मग झाकलेली परात पाहिली, मग थोरल्यांच्या कपाळावरचे पीठ, मग आमची शाल, जीतून वाफ येत होती. आम्ही छताकडे पाहिले. मग धाकट्या म्हणाल्या, "सोमवारची गाडी भरलीय अक्का. जागाच नाही म्हणाले." आणि त्यांच्या मुठीत तिकिटाचा कागद होता, त्याचे टोक बाहेर आलेले आम्हास दिसले, आणि थोरल्यांची दूरची नजर आजही शाबूत आहे, त्यांसही दिसले. थोरल्या म्हणाल्या, "नाही ना जागा? मग राहिलं." "राहिलं," म्हणाल्या धाकट्या, आणि पदर खोचोन पुढे जाहल्या आणि ठिपक्यास बोट लाविले. पीं. "तुमचं बोट हिला कधी कळायचं नाही अक्का. मीच लावत जाईन." थोरल्यांनी परातीवरचे झाकण काढिले. त्या दिवशी भाकरीनंतर त्याच मंडळावर आमटी जाहली, आधी तवा उतरे आणि मग पातेले चढे, आणि जेवावयास दुपारचे दोन वाजले, आणि आम्हास ताट आले. पोटाशी धरिलेली भाकरीही आम्हीच खाल्ली.

त्यास आता वर्ष जाहले. सारांश ऐसा जे, त्या दौलतीतोन ज्योत गेली, काडी ओढल्याचा आवाज गेला, डावी-उजवी गेली, भाकरीस धुराचा वास उरला नाही, आणि आम्हास त्याचे दुःख रोज दहा वाजता होते. शेगडी रोज धाकट्या पेटवितात आणि त्यावर थोरल्या भाकरी करितात, काच रोज गार जाहल्यावर पुसली जाते, आणि चूल एकच राहिली. धाकट्या बाजारात गेल्या म्हणजे कधी कधी भिंतीपलीकडे नळ थोडका सुटतो, मग पीं ऐसा आवाज येतो, आणि थोरल्या आपल्यापुरता चहा करितात. धाकट्या परत येताना हल्ली जिन्यात मुद्दाम दोन वेळा खोकतात, आणि पलीकडे शेगडी विझते. आम्ही हे कोठे बोलिलो नाही. वाचणारानेही बोलू नये.